सांभाळून घेतलेला माणूस

तो कवळ्या करायचा. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोकांच्या तोंडात बघतात आणि लोक डॉक्टरांचं नाव काढतात. हा त्यांच्या मागच्या खोलीतला माणूस. डॉक्टरांकडून डबा यायचा, डब्यात कुणाच्या तरी जबड्याचं माप आणि सोबत चिठ्ठी : वरची पूर्ण, खालची अर्धी, रंग जरा पिवळट. मग हा मापात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायचा, घासून चकचकीत करायचा आणि डबा परत पाठवायचा. पंचवीस वर्षांत हजारभर माणसं तरी त्याच्या दातांनी जेवली असतील, पण त्यातलं एकही त्याने जेवताना पाहिलं नव्हतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. याचं भरत होतं. बोलायला मात्र समोर तोंड नव्हतं, नुसते जबडे होते.

एकोणपन्नासाव्या वर्षी त्याची पाठ धरली. दिवसभर बाकावर वाकून बसणाऱ्याची धरणारच. डॉक्टर म्हणाले, हालचाल करा. दुसरा कुणी असता तर बागेत चालायला गेला असता. हा त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेला, कारण जिना जवळ होता. वरच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला जिउ-जित्सूचा वर्ग चाले. इथे पांढरे डगले आणि रंगीत पट्टे नव्हते. टी-शर्ट, अर्धी चड्डी आणि जमिनीवर निळ्या गाद्या. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो, इथे पाठ टेकल्यावर सुरू होतो. एकाने दुसऱ्याचा हात, पाय नाहीतर मान अशी अडकवायची की सुटणं शक्य नाही. अडकलेल्याने समोरच्याच्या अंगावर हाताने दोनदा थोपटायचं. त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की सोडायचं, पुन्हा समोरासमोर बसायचं, पुन्हा सुरू.

शिकवणाऱ्या बाई होत्या. उंचीने खांद्याला लागतील इतक्याच, पण शंभर किलोचा माणूस त्यांच्याखाली गेला की पालीखालच्या माशीसारखा दिसायचा. सगळे त्यांना कोचबाई म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी याला सांगितलं होतं, "इथे नियम एकच. टॅप म्हणजे टॅप. हाताला लागला की सोडायचं. विचार करायचा नाही."

"लोकांच्या गळ्यात पडायला पहाटे उठता," बायको हसायची. पण पिशवीत टॉवेल तीच भरायची, आणि हा घरी आला की मानेवरचे ओरखडे तपासून, आज कोणाकडून मार खाल्ला ते विचारायची. तो रोज कोणाकडून तरी खायचा. वर्गात त्याला कवळीदादा म्हणत, आणि कवळीदादा म्हणजे हमखास टॅप, असा पहिले आठ महिने हिशोब होता. सगळ्यात जास्त वेळा त्याला हरवायचा तो वायरमन. अडतिशीचा, लोकांच्या घरांत विजेची कामं करणारा, बोटांना नेहमी काळ्या टेपचा चिकटा. हाच त्याचा नेहमीचा जोडीदार.

नवव्या महिन्यात बायको आजारी पडली आणि पाच आठवड्यांत गेली. मुलगी आली, पंधरा दिवस राहिली, आपल्या शहरात परत गेली.

दोन महिन्यांनी तो पुन्हा वर आला. घरात पाय ठरत नव्हता आणि कामाच्या खोलीत जबडे त्याच्याकडे बघून हसत होते, म्हणून आला. सगळ्यांनी शांतपणे जागा करून दिली. त्या दिवशी वायरमनशी जोडी लागली, आणि त्याने पाठीवर पडून वायरमनचं मनगट धरलं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून स्वतःचंच मनगट पकडलं, आणि अडकलेला हात त्याच्या पाठीमागे वळवला. या पकडीला किमुरा म्हणतात. वायरमनने टॅप केलं. आयुष्यात पहिल्यांदा वायरमनने त्याला टॅप केलं.

संध्याकाळी घरी येऊन त्याने दिवा लावला आणि सांगायला तोंड उघडलं. घरात कोणी नव्हतं. मग त्याने एक वही काढली आणि तीत लिहिलं : तारीख, किमुरा, वायरमन.

पुढे दीड वर्ष ती वही भरत गेली. खाटीक, शाळेतली गणिताची बाई, दोघं भाऊ जे टेम्पो चालवत, सगळे त्याच्या किमुऱ्यात सापडू लागले. तो उत्साहाने शिकू लागला. फोनवर पकडी बघायच्या, बाकाच्या पायाला हात अडकवून कोन तपासायचे. रविवारी मुलीचा फोन आला की सांगायला विषय असायचा. "बाबा, तुम्ही तर पैलवान झालात," ती म्हणायची. आणि खरं सांगायचं तर, न्हावी सोडला तर या दीड वर्षात त्याच्या अंगाला हात लावणारी माणसं याच हॉलमधली होती. काही दिवस असे जात की सकाळी सहाला कोचबाईंना घातलेला नमस्कार हेच दिवसातलं त्याचं शेवटचं बोलणं. त्या गाद्यांवर तो कोणीतरी होता. तेवढ्यावर त्याचं बाकीचं सगळं चाललं होतं.

आणि मग बेकरीवाला आला.

बेकरीवाला गोल, घामट आणि आनंदी माणूस होता. येऊन तीनच आठवडे झाले होते. पोट कमी करायचंय म्हणाला. आठवडाभरात हॉलमधल्या सगळ्यांना बटर खाऊ घालून त्यांचं वाढवलं. त्या गुरुवारी वायरमन कामावर होता, म्हणून कवळीदादाने बेकरीवाल्याला बोलावलं. मोठ्या भावाच्या मायेने म्हणाला, "घाबरू नकोस. हळूच करतो."

मनगट पकडलं. दंडावरून हात घातला. चौकट जमली. आता वळवायचं, म्हणून वळवू लागला, तर हात जागचा हलेना. बेकरीवाल्याने स्वतःच्याच चड्डीचा काठ मुठीत घट्ट धरला होता. कवळीदादाने ओढलं. आणखी ओढलं. चड्डी ताणली गेली, शिवण कुरकुरली, हात काही निघाला नाही. डावाची पाच मिनिटं संपली तेव्हा कवळीदादाच्या दंडात गोळे आले होते आणि बेकरीवाला नुसता मजेत धापा टाकत होता.

"हे चड्डी धरायचं तुला कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात?" बेकरीवाला म्हणाला. "हात चाललाय म्हटल्यावर माणूस हाताला येईल ते धरणारच की!"

बिचारा पाणी प्यायला निघून गेला. कवळीदादा तिथेच बसून राहिला. माणूस हाताला येईल ते धरणारच. मग दीड वर्षात खाटकाने कसं धरलं नाही? गणिताच्या बाईने? ज्या वायरमनच्या बोटांत पक्कड न वापरता तार वाकवायची ताकद आहे, त्याला एकदाही चड्डी सापडली नाही?

शनिवारी त्याने वायरमनला जिन्यात गाठलं.

"तू मला मुद्दाम टॅप करत होतास?"

वायरमन खोटं बोलण्यात अगदीच कच्चा. बुटाची नाडी सुटलेली नसताना ती बांधायला खाली वाकला. "दादा, तेव्हा वहिनी गेल्या होत्या. बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, जरा सांभाळून घ्या म्हणून."

"कधीपर्यंत?"

वायरमनने दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली. "तसं काही ठरलं नव्हतं," तो म्हणाला.

कोचबाईंना विचारलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी महिनाभरासाठी म्हटलं होतं. मला वाटलं थांबले असतील." पण थांबवायचं कोणी? प्रत्येकाला वाटलं, आपण आज जोर लावला आणि नेमका याचा आजचा दिवस वाईट असला तर? म्हणून आज नको, उद्या बघू. असं करत करत अख्ख्या वर्गाने एका भल्या माणसाला दीड वर्ष हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं, आणि उतरवायची जबाबदारी आली ती चड्डी धरणाऱ्या एका बेकरीवाल्यावर.

त्या रविवारी मुलीने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय म्हणतायत पैलवान?" तो म्हणाला, "चाललंय." फोन ठेवल्यावर त्याने वही उघडली आणि एकेक पान बघितलं. दोनशे अकरा टॅप होते. एकही त्याचा नव्हता. राग आलाच, पण रागापेक्षा वाईट होतं ते दुसरंच. आपण दीड वर्ष माणसांबरोबर होतो असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात तो एकटाच लढत होता, आणि समोरचे मनातल्या मनात हसत कधी एकदा पाच मिनिटं संपतात याची वाट बघत होते. बायको गेल्यावर घर जितकं रिकामं वाटलं नव्हतं तितकं त्या संध्याकाळी वाटलं.

वर्ग सोडावा असं त्याने ठरवलं, आणि मंगळवारी सहाला पुन्हा जिना चढला. सोडून जायचं कुठे, हा प्रश्न होताच ना. त्याने कोचबाईंना सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासून मला कोणी सांभाळायचं नाही. आणि माझं काय चुकतंय ते पहिल्यापासून दाखवा."

बाईंनी दाखवलं. चूक लहान होती आणि मुळातच होती. "तुम्ही हातांनी ओढताय. तुमच्या हातांची ताकद ती किती? त्याचं कोपर आधी तुमच्या छातीला चिकटवा. मग कंबर बाजूला काढा, त्याच्या अंगाखालून सरका, कुशीवर या. आता हात नुसते बांधून ठेवा आणि छाती वळवा. सगळं अंग वळलं की त्याने चड्डी धरू दे नाहीतर खांब धरू दे."

तीन आठवडे त्याने दुसरं काही केलं नाही. बेकरीवाला चड्डी धरायचा, हा सरकायचा. कोपर सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे आता खरंच खेळत होते, आणि हा खरंच हरत होता. खाटकाने एका सकाळी त्याला सात वेळा टॅप करायला लावलं. पण एक गोष्ट बिघडली ती बिघडलीच. कोणी टॅप केलं की हा सोडायचा, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. गणिताच्या बाईने एकदा टॅप केलं तेव्हा म्हणाला, "एवढ्यात?" तिला ते आवडलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाणीसुद्धा फुंकू लागला होता.

चौथ्या शनिवारी वायरमनशी जोडी लागली. जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच. दोघंही एकमेकांकडे न बघता बसले. तिसऱ्या मिनिटाला वायरमन वर होता आणि त्याचं मनगट याच्या हातात आलं. वायरमनने चटकन चड्डी धरली. याने कोपर छातीला चिकटवलं, कंबर काढली, कुशीवर आला आणि छाती वळवली. मूठ सुटली. इतकी सहज सुटली की याचाच विश्वास बसला नाही. हात पाठीमागे निघाला, आणि लगेच पाठीवर दोन थापा पडल्या.

बघ, याच्या मनात आलं. पुन्हा सुरू झालं. अजून अर्धासुद्धा वळला नाही आणि हा टॅप करतोय. दीड वर्ष केलंस तेवढं पुरे.

त्याने सोडलं नाही. एका श्वासापुरतं सोडलं नाही, आणि तेवढ्यात वळायचं ते वळून झालं. साच्यातून प्लास्टर सुटताना होतो तसा आवाज वायरमनच्या खांद्यातून आला. मग वायरमन ओरडला.

त्यानंतरचं सगळं लवकर झालं. बर्फ, गाडी, दवाखाना. खांद्यातला एक बंध फाटला होता. सहा आठवडे हात गळ्यात बांधून, आणि चार महिने डोक्यावर हात नेऊन करायचं कुठलंही काम बंद. विजेची कामं बहुतेक डोक्यावरच असतात.

दवाखान्याच्या बाकावर कोचबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. तो म्हणाला, "मला वाटलं, खोटा टॅप आहे."

"खरा की खोटा हे ठरवायचं काम तुमचं नव्हतं," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मग म्हणाल्या, "चूक माझ्यापासून सुरू झाली, मला कळतंय. पण सोडायचं होतं ते तुम्ही."



दुसऱ्या दिवशी तो वायरमनच्या घरी गेला. दार बायकोने उघडलं. ती या म्हणाली, बसा म्हणाली नाही. वायरमन खिडकीपाशी खुर्चीत होता, उजवा हात गळ्यात, आणि एक वायर दातात धरून डाव्या हाताने सोलायचा प्रयत्न करत होता. हा पुढे झाला, वायर हातात घेतली आणि घट्ट धरून उभा राहिला. वायरमनने ती डाव्या हाताने सोलली. मग दुसरी. अशा सहा-सात झाल्या.

"दादा," वायरमन वायरीकडे बघत म्हणाला, "तो खरा होता."

"माहीत आहे."

"पहिला खरा."

कवळीदादाला रडू आलं, आणि आलं ते त्याने येऊ दिलं. दीड वर्ष ज्याची वाट बघितली ते त्याला मिळालं होतं, आणि मिळालं त्याच क्षणी त्याने ते मोडून टाकलं होतं. वायरमनची बायको आतून पाण्याचा पेला घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवला आणि आत गेली. मग मात्र तो बसला.

ते चार महिने तो आपलं काम दुपारी आवरून वायरमनबरोबर जाऊ लागला. वायरमन खालून सांगायचा, हा शिडीवर चढायचा. लाल तार कुठे लावायची विचारून विचारून त्याने लोकांची डोकी पिकवली. एका घरात पंखा उलटा फिरला. पण काम बंद पडलं नाही.

सकाळी वर्गालाही जायचा. कोणी त्याला येऊ नका म्हटलं नव्हतं. फक्त जोड्या लागल्या की कसं कोण जाणे, प्रत्येकाला आधीच कोणीतरी मिळालेलं असायचं. बेकरीवाला सुद्धा आता गणिताच्या बाईकडे वळायचा आणि वळताना ओशाळून हसायचा. मग हा भिंतीशी उभा राहून घड्याळ धरायचा. पाच मिनिटं झाली की "वेळ!" असं ओरडायचा. त्याची कोणाबद्दल तक्रार नव्हती. टॅप करूनही जो सोडेल की नाही याचा भरवसा नाही, त्याच्या हातात हात कोण देईल? त्याने स्वतः दिला नसता. घरी वही कपाटात पडून होती. रविवारी मुलीने विचारलं की सांगायचा, "हल्ली घड्याळ धरतो." एकदा तिने विचारलं, "रोज तुम्हीच का धरता?" तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं, जिन्यापासून दवाखान्यापर्यंत. ती म्हणाली, "जात राहा, बाबा."

साडेचार महिन्यांनी एका गुरुवारी वायरमन टी-शर्ट आणि चड्डी घालून हॉलमध्ये आला. सगळे त्याच्याभोवती जमले. खांदा कसा, झोप कशी. जोड्या लागायच्या वेळी खाटकाने त्याला हाक मारली. वायरमनने हाताने नको म्हणून सांगितलं आणि तो भिंतीशी आला.

"घड्याळ ठेवा, दादा. बसा."

"अरे, आज पहिलाच दिवस तुझा. दुसरा कोणी—"

"बसा म्हणतो ना."

दोघं बसले. कोणी बघत नसल्यासारखं सगळे बघत होते. थोड्या झटापटीनंतर कवळीदादा पाठीवर होता, आणि वायरमनचा उजवा हात, तोच, त्याच्या दोन्ही हातांत आला. कोपर छातीला टेकलं. कंबर आपोआप सरकली. वायरमनने चड्डी धरली होती, घट्ट, पण आता तिचा उपयोग नव्हता हे दोघांनाही कळत होतं. छाती वळवायची तेवढी राहिली होती. टी-शर्टच्या आतून त्याला तो खांदा जाणवत होता.

त्याने पकड सैल केली आणि वायरमनच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"दमलो रे," तो उठून बसत म्हणाला. "आज बसतच नाहीये पकड."

वायरमन त्याच्याकडे बघत राहिला. "दादा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"दीड वर्ष मी करत होतो तेच."

आत्ता आपला हात जसा थांबला तसाच तेव्हा याचाही थांबला असणार, हे कवळीदादाला आता कळलं. वहीतली दोनशे अकरा नावं त्याने हसणाऱ्या माणसांची समजून वाचली होती. त्यातलं कोणीही हसत नव्हतं. सगळे असेच घाबरले होते.

वायरमनने उजवा हात पुन्हा पुढे केला. "धरा. मी थोपटेन तेव्हा सोडायचं. तोपर्यंत वळत राहायचं. बाकी काही तुम्ही ठरवायचं नाही."

त्याने धरला. कुशीवर आला. मुंगीच्या पावलाने छाती वळवू लागला. चड्डीची मूठ सुटली, हात पाठीमागे निघाला, थोडा आणखी, आणि त्याच्या पाठीवर एक थाप पडली. दुसरी पडायच्या आत त्याने दोन्ही हात उघडले होते.

वायरमन उठून खांदा पुढेमागे फिरवून बघत होता. खरा होता का, हा प्रश्न याच्या अगदी ओठांवर आला होता. आता तो दर वेळी येणार होता, जन्मभर. त्याने तो गिळला.

"डावा हात दे," तो म्हणाला.